काटेरी टाईप

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी थांबते.

झालं?

मग ऐका. ही कुणाच्या मावशीच्या शेजारणीची गोष्ट नाही. हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलं आणि मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. डॉक्टरांचे कागद आमच्या कपाटात आहेत. पोलिसांनी माझा जबाब घेतला, त्याखाली माझी सही आहे. पटवून घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला कुणाची मनधरणी करायची नाहीये.

भुतांच्या गोष्टींत रात्र असते, वीज जाते, कुत्री रडतात. इथे तसलं काही नाही. सुरुवात झाली ती दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं, खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न.

मी एकटी होते.

आणि आतल्या खोलीत कुणीतरी कानस चालवत होतं...

खर्र... खर्र... खर्र...

मग शांतता.

मग फूऽऽ...

घासलेला चुरा उडवायला माणूस मारतो तशी, लहानशी फुंकर.

मी उठून बघितलं. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. टेबल, स्कॅनर, आणि छपाईच्या खिळ्यांची ती लाकडी पेटी.

पण आधी आम्ही कोण, ते सांगते.

माझी नणंद फॉन्ट तयार करायची. लोकांना वाटतं फॉन्ट कम्प्युटरमध्ये आपोआप उगवतात. नाही हो. एकेक अक्षर कुणीतरी बसून काढलेलं असतं. मान मोडेपर्यंत. धंद्यात सगळे तिला ताई म्हणायचे, मीही ताईच म्हणायचे. अकरा वर्षं मी तिच्या हाताखाली काम केलं. ऑफिसात बॉस, घरी नणंद. सुट्टीच्या दिवशी इतरांना बॉसचं तोंड बघावं लागत नाही. मला तिला गरम गरम वाढावंही लागायचं.

ताईची नजर तयार होती, हे मी नाकारणार नाही. अक्षर केसभर कललेलं असलं तरी तिला दारातून दिसायचं. पण हात माझा होता. शेवटची सहा वर्षं तिनं पेन्सिल उचलली ती फक्त माझ्या कामावर काट मारायला.

आणि फॉन्टवर नाव तिचं. फक्त तिचं.

मी कधी बोलले नाही. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, घरचंच आहे." त्याचं नाव कुठे जात नव्हतं, त्याला काय!

तर, त्याच्या आदल्या वर्षी आम्हाला एका जुन्या नाट्यगृहाचं काम मिळालं. शंभर वर्षांपूर्वीची इमारत, दुरुस्त करून पुन्हा उघडणार होते. पाट्या, तिकिटं, पोस्टरं, सगळं त्यांना जुन्या पोस्टरांवरच्या अक्षरातच हवं होतं. ते अक्षर मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नजर हटेना. जाड दांडे. त्यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा. आणि टोकांना सेरिफ. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला जो छोटा पाय नाहीतर चोच असते ती. साध्या टाईपात ती सपाट असते, निमूट. इथे ती वळून वर यायची आणि टोकदार व्हायची. गुलाबाच्या काट्यासारखी. दांड्याच्या मधोमधही एकेक काटा. दुरून बघितलं तर सुंदर नक्षी. जवळून बघितलं तर अक्षर अंगावर धावून आल्यासारखं वाटायचं.

छापखान्यातले जुने लोक त्याला 'काटेरी' म्हणायचे.

काटेरीचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, आता एकाच ठिकाणी उरले होते. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या तळघरात. तिथला म्हातारा कंपोझिटर, खिळे जुळवणारा, किल्ली घेऊन आला. ऐंशीच्या पुढचा असेल, पण ताठ. त्यानं पेटी दाखवली आणि दोन पावलं मागे सरकला.

"उचला तुम्हीच. मी हात लावत नाही."

ताई म्हणाली, "काका, शिशाचे खिळे आहेत. साप नाहीत."

"शिसं नरम असतं मॅडम. नरम शिशानं माणूस कापत नाही. हे कापतात." त्यानं उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. टोकाला मांस नव्हतं, नुसती चकचकीत कातडी. "तरणा होतो तेव्हा एका जाहिरातीत हौसेनं स्वतःचं नाव जुळवलं होतं ह्या टाईपात. एकदाच."

ताई हसली. मीही हसले. पेटी मीच उचलली, दुसरं कोण उचलणार!

मग पाच महिने मी एकेका खिळ्याला शाई लावून ठसा घेतला, तो स्कॅन केला आणि त्यावरून अक्षर काढलं. झिजलेली टोकं पुन्हा टोकदार केली. तुटलेले काटे अंदाजानं जोडले. दोनशे चौदा अक्षरं, आकडे, चिन्हं. ताई अकराला यायची, काट मारायची, फोनवर कुणाला तरी सांगायची, "माझी काटेरी होत आलीय."

माझी!

फॉन्टच्या फाइलमध्ये एक जागा असते. कर्त्याचं नाव भरायची. एका बुधवारी ताईनं तिथे स्वतःचं नाव भरलं. मी मागे उभी होते. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तीन वाजून दहा मिनिटं.

खर्र... खर्र... खर्र... फूऽऽ...

मला आधी वाटलं, खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला काच घासत असेल. पुढचा पूर्ण आठवडा तो आवाज येत राहिला. शेवटी मी खाली गेले तर दुकानाला कुलूप. शेजारी विचारलं. चष्मेवाला पंधरा दिवस गावाला गेला होता.

मग चुरा दिसायला लागला.

सकाळी ऑफिस उघडलं की पेटीजवळ, माझ्या कीबोर्डवर, कपाच्या कडेवर... बारीक, चमकता चुरा. मी म्हटलं, खिळे झिजत असतील. मग काय सुचलं कोण जाणे, कपाटावर चिठ्ठ्या चिकटवायचा चुंबक काढला आणि त्या चुऱ्यावर धरला.

सगळा चुरा टुणकन उडून चुंबकाला चिकटला.

शिसं चुंबकाला चिकटत नाही.

हे नीट समजून घ्या. खिळा बनवायची जुनी रीत अशी: आधी पोलादाच्या कांडीवर अक्षर उलटं कोरायचं, कानशीनं घासून घासून. हा ठसा. तो तांब्यात ठोकला की साचा होतो. साच्यात शिसं ओतलं की खिळा. ठसा एकच, खिळे हवे तेवढे. आमच्याकडे नुसते खिळे होते. पोलादाचा एक तुकडाही त्या खोलीत नव्हता.

मग पोलाद कोण घासत होतं?

एप्रिलमध्ये नमुन्याचं पत्रक छापायला दिलं. पाचशे प्रती. खाली ताईचं नाव, अर्थातच काटेरीत. गठ्ठा आला. ताईनं वरची प्रत काढली आणि तिचा चेहराच बदलला.

नावाच्या जागी काही नव्हतं.

कोरं नव्हतं हो. कोरं असतं तर शाईला दोष दिला असता. तिथे कागद खरवडलेला होता. तंतू वर आलेले. बोट फिरवलं तर खरखरीत लागायचं. मी गठ्ठ्याच्या मधली प्रत काढली. खालची काढली. पाचशेच्या पाचशे.

ताईनं छपाईवाल्याला फोनवर असं झापलं की तो रडकुंडीला आला. "मॅडम, पाचशे कागद मी हातानं खरवडत बसेन का? मला दुसरी कामं नाहीत का?"

फोन आपटून ताई माझ्याकडे वळली. एकटक बघत राहिली.

"हे तू केलंस."

"मी?"

"दुसरं कोण? पोटात दुखतंय ना तुझ्या, वर्षानुवर्षं?"

 दुखतच होतं. पण कागद मी खरवडले नव्हते.

मे महिन्यात तिची बोटं गेली.

गेली म्हणजे... सांगते. ऑफिसच्या दाराशी हजेरीचं मशीन होतं, अंगठा टेकवायचं. एके सकाळी ते ताईचा अंगठा घेईना. तिनं मशीनला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी फोन उघडेना. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात हुकूम नव्हता.

"अगं, कागद हातातून सुटतोय."

तिनं दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. दहाही बोटांची टोकं गुळगुळीत. काचेसारखी. एक रेष नाही, एक सुरकुती नाही. बोटांचे ठसे कुणीतरी घासून साफ केल्यासारखे.

डॉक्टर म्हणाले, "केमिकलचं काम करता का?" दुसरे डॉक्टर म्हणाले, "साबण बदला." मलम दिलं.

मी मात्र ते बघून थेट म्हाताऱ्या कंपोझिटरचं घर गाठलं. लेकीकडे राहत होता, दोन खोल्यांत. दारातच खुर्ची टाकून मटार सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"ती पेटी आहे ना, तिचा टाईप कोरणारी बाई होती," तो म्हणाला. "खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीच्या मालकाची धाकटी भावजय. माझे मास्तर तेव्हा तिथे उमेदवारी करत होते, त्यांनी तिला पाहिलं होतं. मागच्या खोलीत बसायची. नऊ वर्षं कोरत होती. आणि नमुन्याचं पुस्तक निघालं, त्यावर नाव मालकाचं."

"ती काही बोलली नाही?"

"कुणाशी बोलणार? तुम्ही बोललात?"

मी त्याच्यापुढची एक शेंग उचलली.

"दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामाला आली. खोलीचं दार आतून लावून घेतलं. दिवसभर कानस चालायची. लोकांना वाटलं, नवं काहीतरी कोरतेय. कोरत नव्हती, पुसत होती. एकेक ठसा घासून सपाट केला, तांब्याचे साचेही. नऊ वर्षांचं काम. म्हणून तर तो टाईप परत कधी ओतता आला नाही."

"मग?"

"मग घासायला पोलाद उरलं नाही." त्यानं एक शेंग फोडली. "आवाज मात्र थांबला नाही. दोन दिवसांनी दार तोडलं, तेव्हा..."

"काका, नको."

"ऐकायला आलात ना?" त्यानं दोन्ही पंजे पसरले आणि बोटं पहिल्या पेरापाशी दुमडली. दहाही.

 मी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"कोण जाणे! मोठी जाऊ तिला 'अगं' म्हणायची आणि कारागीर 'वहिनी'." मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आता फाइलमध्ये नाव कुणाचं टाकलंय?"

"नणंदेचं."

"आणि कोरलं कुणी?"

"...मी."

तो हसला. दात नसलेलं हसू. "मग तुम्हाला कसली भीती?"

ते हसू मला अजून विसरता येत नाही. कारण त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं होतं.

तरी मी माझं कर्तव्य केलं, हे ऐकून ठेवा. दुसऱ्या दिवशी मी ताईला सांगितलं. आवाज, चुरा, म्हातारा, सगळं. शेवटी म्हटलं, "ताई, फाइलमधून नाव काढा. नाट्यगृहातली पाटीही नको. कुणाचंच नाव नको."

नाट्यगृहाच्या प्रवेशाशी पितळी पाटी लागणार होती. 'ह्या वास्तूची अक्षरे' आणि खाली ताईचं नाव.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढी मोठी गोष्ट रचलीस. त्यापेक्षा सरळ सांगायचं ना, तुला तुझं नाव हवंय."

"मला नाव नकोय."

"नाव आहे की तुझं. घराच्या दारावर. माझ्या भावाच्या खाली."

मी पर्स उचलली आणि घरी आले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून ताईशी कामापुरतंच बोलायचं, असं ठरवून टाकलं.

नाट्यगृह जुलैत उघडलं. रविवार, सकाळी अकरा. दोनशे माणसं. संगमरवरी फरशी, नवा रंग, आणि जिकडे बघाल तिकडे माझी अक्षरं. दारावर, जिन्यावर, खुर्च्यांच्या रांगांवर. काटे सगळे वर वळलेले. लोक माना वर करकरून बघत होते, वा वा करत होते. ताई हात जोडत होती. हातांत पांढरे सुती मोजे. बोटांना काही लागलेलं तिला सहन होत नसे.

पाटीवर मखमलीचा पडदा होता आणि बाजूला ओढायची दोरी. मी ताईच्या शेजारी उभी. मान म्हणून नाही, मोजे घातलेल्या हातांनी तिला पर्स धरता येत नव्हती म्हणून.

व्यवस्थापक भाषण करत होता. आणि...

खर्र... खर्र... खर्र...

पडद्यामागून.

मी इकडेतिकडे बघितलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. सगळे भाषण ऐकत होते.

खर्र... खर्र... खर्र...

ताई माझ्याकडे झुकली. तिच्या कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"अगं... तुला आवाज येतोय का?"

मला तिला सांगता आलं असतं. हो म्हणायचं, हात धरायचा आणि बाहेर घेऊन जायचं. पन्नास पावलांवर दार होतं.

"नाही," मी म्हटलं. "कसला आवाज?"

ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग सरळ उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या. तिनं दोरी ओढली.

पडदा बाजूला झाला.

पाटी लखलखीत होती. आरशासारखी. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं. खाली फरशीवर पिवळ्या चुऱ्याचा छोटा ढीग होता.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी हसलं.

"माझं नाव कुठेय?" ताई म्हणाली. अगदी लहान आवाजात. पाटी चाचपायला तिनं हात पुढे केला आणि मोज्याची टोकं लाल व्हायला लागली. आधी अंगठ्याची. मग एकेक करून सगळी. ती ओरडली नाही. नुसती बघत राहिली, जणू ते हात दुसऱ्याच कुणाचे होते.

कानस आता थांबतच नव्हती. खर्रखर्रखर्रखर्र... माझ्या दातांत जाणवत होती.

मी तिला कवेत धरलं, तशी ती माझ्या अंगावर कोसळली.

आवाज बंद झाला.

आणि मग फुंकर आली. माझ्या उजव्या कानावर.

फूऽऽ...

थंड नव्हती. कोमट होती. जिवंत माणसाच्या तोंडातून आल्यासारखी.

दवाखान्यात मोजे कापून काढले. सर्जन बाहेर आले आणि आम्हाला विचारलं, "हात कुठल्या मशीनमध्ये गेला?" नवरा म्हणाला, "मशीन नव्हतं. दोनशे लोक होते तिथे." सर्जनचा विश्वास बसला नाही. पोलिसांचाही बसला नाही. जखमांत पोलादाचा चुरा सापडला, असं कागदावर लिहिलंय. तो आला कुठून, ते लिहिलेलं नाही.

दहाही बोटं. पहिल्या पेरापर्यंत.

ताई आता आमच्याकडेच असते. जेवण मी भरवते. ती बोलते फार कमी. एकदा मात्र, वरणभाताचा घास तोंडाजवळ नेला तेव्हा तिनं तोंड उघडलं नाही. माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तुला ऐकू आला होता ना?"

मी घास तसाच धरून ठेवला. बराच वेळ.

शेवटी तिनं तोंड उघडलं. भूक लागली होती तिला.

पेटी मी कंपोझिटरला परत द्यायला गेले. तो गेल्याचं कळलं. लेकीनं पेटी घेतली नाही, दारही पुरतं उघडलं नाही. मग ती मी एका वस्तुसंग्रहालयाला देऊन टाकली. फाइलमधलं ताईचं नाव काढलं. तिथे काहीच भरलं नाही. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला होता: "मॅडम, खरं काम तुमचं होतं असं आता कळतंय. पाटीवर तुमचं नाव घालू या?"

अकरा वर्षं हे वाक्य ऐकायला मी कान टवकारून बसले होते.

"नको," मी म्हटलं. "पाटी कोरीच राहू दे. माझं नाव कुठेही, कशावरही घालू नका. लिहून देते हवं तर."

"बरं," तो म्हणाला. "तशीही छान दिसतेय."

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

गेल्या महिन्यात नाट्यगृहाच्या तिकीटबारीवरच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, पाटी कोरायला तुम्ही माणूस पाठवताय का?"

"नाही. का?"

"काम कुणी करताना दिसत नाही. पण एक अक्षर कोरलं गेलंय. आज दुसरं अर्धं झालंय."

मी आणि नवरा गेलो. भर दुपारी. लॉबीत चिटपाखरू नव्हतं.

पाटीवर दोन अक्षरं होती. तोवर दुसरंही पुरं झालं होतं. काटेरीतली. इतकं सफाईदार कोरीव काम आजकाल कुणाला येत नाही. आणि पहिल्या अक्षराचा डावा काटा... तो मूळ खिळ्यावर तुटलेला होता. मी अंदाजानं काढला होता, जरा जास्तच बाकदार. ती चूक माझी, फक्त माझी. ती तशीच्या तशी पितळेत उतरली होती.

माझं नाव त्याच दोन अक्षरांनी सुरू होतं.

नवरा म्हणाला, "त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं ढिगानं असतात. त्या बाईचंही तसंच काहीतरी असेल. स्वतःचं नाव लिहितेय ती. लिहू दे बिचारीला."

असेल. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा नाही कशाला म्हणू?

पण स्वतःचं नाव लिहायचं होतं, तर शंभर वर्षं कसली वाट बघत होती? आणि माझं लिहीत असेल, तर ते बक्षीस म्हणून, की...

मी पुन्हा तिथे गेले नाही. नवरा दर सोमवारी जाऊन बघून येतो. काल गेला होता. आल्यावर मी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "तिसरं आलं का रे?"

"नाही अजून," तो म्हणाला. आणि लगेच आंघोळीला गेला.

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. तो खोटं बोलतो तेव्हा मला कळतं.

तिसरं अक्षर कुठलं, ते मी विचारलं नाही.